युटातले मॉर्मन शेजारी आणि आपली साक्ष: सांगायचं की नाही, आणि सांगायचं तर कसं?

नगरची_लेक

सहा वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेत, युटा राज्यातल्या लीहायला घर घेतलं. (गावाचं नावसुद्धा मॉर्मन ग्रंथातल्या एका संदेष्ट्याचं!) सामानाचा ट्रक रिकामा व्हायच्या आत समोरच्या बाई घरी भाजलेला पाव घेऊन दारात हजर. पहिला बर्फ पडला तेव्हा शेजारच्या पोरांनी आमच्या दारातला बर्फ न सांगता उपसून टाकला. आम्ही नगरच्या जुन्या मराठी मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. गल्लीतले बाकी बहुतेक सगळे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'चे, म्हणजे मॉर्मन.

गेल्या महिन्यात आमच्या प्रार्थना गटात पत्रकांचे गठ्ठे वाटले. शेजाऱ्यांच्या दाराला अडकवायचे, वर मजकूर काय, तर तुमचा संदेष्टा खोटा. मी गठ्ठा परत दिला. त्यावर एकजण म्हणाले, "तुम्हाला सुवार्तेची लाज वाटते." ते तेव्हापासून डोक्यात बसलंय, म्हणून हा धागा.

लाज वाटत नाही. पण एप्रिल आणि ऑक्टोबरात त्यांची मोठी परिषद भरते तेव्हा सॉल्ट लेकमध्ये बाहेर फलक घेऊन ओरडणारे लोक मी पाहिलेत. मागे काहींनी तर त्यांची मंदिराची पवित्र अंतर्वस्त्रं रस्त्यावर नाचवली होती. अशा प्रकाराने कुणाचं मन वळलं असेल तर मला त्या माणसाला भेटायचंय. मिझुरीच्या गव्हर्नरने 1838 मध्ये यांना राज्यातून हुसकून लावा, नाहीतर संपवा असा हुकूम काढला. 1844 मध्ये त्यांचा संस्थापक आणि पहिला संदेष्टा जोसेफ स्मिथ याला इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. 24 जुलै 1847 ला त्याच्यानंतरचा पुढारी ब्रिगम यंग या खोऱ्यात पोचला, त्या दिवशी इथे आजही सुट्टी असते, मिरवणूक निघते. बाहेरचे ख्रिस्ती आपल्या जिवावर उठले होते, हे ऐकतच इथलं पोर मोठं होतं. आपण फलक घेऊन उभे राहिलो की त्या गोष्टीतल्या जमावात जाऊन बसतो.

माझं म्हणणं एवढंच, की तो काय मानतो ते त्याच्याच तोंडून ऐकावं, आणि आपण काय मानतो ते आपल्या तोंडाने सांगावं. मी या क्रमाने गेले तर चुकते का?

सुवार्तिक_पुणे

ताई, चुकता. पत्रकं परत दिलीत ते ठीक, पण पाव आणि बर्फ यांनी तुम्ही विरघळलात.

फरक किरकोळ नाही. त्यांच्या शिकवणीत पित्याला हाडामांसाचं शरीर आहे. आपलं त्र्यैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ते मानत नाहीत. माणूस पुढे देवासारखा होऊ शकतो असं ते मानतात. त्यांचा ग्रंथ म्हणतो, आपण करता येईल ते सगळं केल्यानंतर कृपेने तारण होतं. पौलाने गलतीकरांना काय लिहिलं होतं ते आठवा: वेगळी सुवार्ता सांगेल तो शापित असो.

आणि नाजूकपणा एकाच बाजूने का? त्यांची सुरुवातच या दाव्याने होते की 1820 मध्ये जोसेफ स्मिथला दर्शन झालं आणि सगळे पंथ चुकीचे आहेत असं सांगण्यात आलं. म्हणजे तुमची चार पिढ्यांची मंडळीही त्यात आली. दोन पोरं पांढरे शर्ट घालून जगभर दारं वाजवतात तेव्हा त्यांना कुणी विचारत नाही की तुम्ही आदर ठेवता का. आपण बोललो की मात्र उद्धट. याला मी प्रेम म्हणत नाही, मध्यमवर्गीय भीड म्हणतो.

पांढरा_शर्ट

त्या दोन पोरांपैकी मी एक होतो. मराठीच आहे. दोन वर्षं सेवा केली, अजून सदस्य आहे. मिशनरी म्हणून माझ्या तोंडावर जितकी दारं आपटली गेली तितकी पुण्यात कुरियरवाल्याच्याही आपटली जात नसतील.

आधी नावाचं. 2018 मध्ये आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी चर्चचं पूर्ण नाव वापरायला सांगितलं. 'मॉर्मन' म्हटलं म्हणून मी भांडणार नाही, पण ज्याच्याशी बोलायचं त्याला तो स्वतःला म्हणतो त्या नावाने हाक मारा.

तुम्ही दिलेली शिकवण साधारण बरोबर आहे, फक्त कृपेचं वाक्य आमच्यातही वेगवेगळ्या तऱ्हेने वाचतात. म्हणजे तिथे खरी चर्चा होऊ शकली असती! पण होतं काय, की समोरचा पहिल्या पाच मिनिटांत बहुपत्नीत्वावर येतो. 1890 मध्ये आमच्या चर्चचा बहुपत्नीत्व थांबवायचा जाहीरनामा निघाला, त्यानंतरचा माझा पणजोबासुद्धा सातारा जिल्ह्यात शेती करत होता. मी कशाचं उत्तर देऊ?

एका वयस्कर बाप्टिस्ट गृहस्थांनी मात्र मला घरात घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तू प्रार्थना करतोस तेव्हा काय होतं?" दोन तास बसलो. शेवटी ते म्हणाले, "मला वाटतं तू चुकतोयस, आणि का ते सांगतो." त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. माझं मत बदललं नाही. पण त्या वर्षात ज्याचं बोलणं मी खोलीवर जाऊन पुन्हा विचारात घेतलं असा तो एकच माणूस.

अश्रद्ध_आजोबा

कोथरूडहून लिहितोय. तुम्हा तिघांचंही एक कळत नाही. शेजाऱ्याशी शेजारी म्हणून राहता येत नाही का? बर्फ काढायचा, पाव खायचा, आणि मनात हिशेब की हा कधी आपल्याकडे येतो. ही विमा एजंटची मैत्री झाली. भेटला की पोटात गोळा येतो, आता पॉलिसी काढणार!

नगरची_लेक

आजोबा, लागलं. आणि बरोबर ठिकाणी लागलं.

पण आमच्या मराठी ख्रिस्ती समाजातलं उदाहरण देते. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे ना. वा. टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी, 1900 मध्ये. मधल्या काळात काय ताटातूट, काय सोवळंओवळं, काय रडारड झाली ते मराठी वाचकांना सांगायला नको. त्या आल्या त्या स्वतःला पटल्यावर. त्या नसत्या आल्या तरी त्या त्यांच्या पत्नीच राहिल्या असत्या ना? समोरच्या बाई आयुष्यभर त्यांच्याच चर्चमध्ये राहिल्या तरी माझ्या फोनमध्ये आणीबाणीचा पहिला नंबर त्यांचाच राहील. हे खरं नसेल तर मी तोंड उघडू नये, इथपर्यंत तुमचं मान्य.

सुवार्तिक सर, पेत्र उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हणतो, आणि त्याच दमात ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या म्हणतो. भीड बायबलातच आहे हो!

सॉल्टलेकला_दहा_वर्षं

एक गोष्ट कुणी बोलत नाहीये. इथे धर्म सोडणं म्हणजे रविवारचा पत्ता बदलणं नव्हे. वॉर्ड, म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, हेच गाव असतं. वॉर्डाचा प्रमुख, म्हणजे बिशप, पगारी नसतो, तो तुमचाच दंतवैद्य किंवा पोराचा प्रशिक्षक असतो. मंदिरातल्या लग्नाला आत जायला सदस्यत्व आणि शिफारसपत्र लागतं, म्हणजे चर्च सोडलेली आई मुलीच्या लग्नात बाहेर बसते. मी पाहिलीय अशी आई.

आणि जे जोसेफ स्मिथवरून तुटतात, ते तुमच्या मंडळीत येतीलच असं नाही. माझ्या ओळखीतले बरेचजण आता कुठेच जात नाहीत. ज्या वाटेने त्यांना संदेष्ट्याविषयी शंका घ्यायला शिकवलं, त्याच वाटेने ते येशूविषयीच्या शंकेपर्यंतही पोचले. सुवार्तिक साहेब, पत्रक लावून तुम्ही घरी जाल. त्या माणसाच्या पुढच्या दहा रविवारी त्याला जेवायला कोण बोलावणार?

सुवार्तिक_पुणे

हा मुद्दा मी धरला नव्हता. जेवायला बोलवायला हवं, मान्य. तरीही माणसाला किंमत मोजावी लागेल म्हणून सत्य सांगू नये, हे मी मानणार नाही. टिळकांनी कमी मोजली होती का?

वसईकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे या भांडणात थोडे काठावर. रोमने 2001 मध्ये स्पष्ट सांगितलं की त्यांचा बाप्तिस्मा आम्ही वैध धरत नाही. ते आमचाही धरत नाहीत. दोघांनी एकमेकांना तोंडावर सांगितलंय, आणि कुणाचं डोकं फुटलेलं नाही. म्हणजे मतभेद उघड बोलणं हा अपमान नसतो.

स्वीडनचे लुथरन बिशप क्रिस्टर स्टेंडाल यांनी 1985 मध्ये स्टॉकहोमला यांच्याच मंदिराला विरोध होत असताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दुसऱ्याचा धर्म त्याच्या शत्रूला नव्हे, त्याला विचारा. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट अशी तुलना करू नका. आणि त्यांच्यातलं काहीतरी आपल्याकडे असावं असं वाटू द्या. 2004 मध्ये तर फुलर सेमिनरी या इव्हँजेलिकल (सुवार्तावादी प्रॉटेस्टंट) धर्मविद्यालयाचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड मौ यांनी सॉल्ट लेकच्या टॅबरनॅकलमध्ये, म्हणजे त्यांच्याच मोठ्या सभागृहात, उभं राहून, आम्ही इव्हँजेलिकलांनी तुमच्या श्रद्धेचं चुकीचं चित्र रंगवलं, अशी माफी मागितली. त्यांच्याच लोकांनी त्यांना फाडून खाल्लं. ताई, तुमच्या गटातल्या त्या गृहस्थांचे भाऊबंद सगळीकडे आहेत.

चहाबाज

जरा व्यावहारिक विचारतो. चहा-कॉफी त्यांना चालत नाही. मग मराठी माणसाने बोलणं सुरू तरी कसं करायचं?

पांढरा_शर्ट

गवती चहा, आलं, साखर. पत्ती नको. माझी आई हाच करते आणि 'काढा' म्हणून देते, म्हणजे चर्चमधल्या मंडळींना नावात 'चहा' ऐकू येत नाही.

नगरची_लेक

हे आजच करते, बाई संध्याकाळी येणार आहेत.

त्यांनी मला पुढच्या रविवारी बोलावलंय. महिन्याचा पहिला रविवार, त्यांचा उपासाचा. त्या दिवशी कुणीही पुढे येऊन साक्ष देतं म्हणे. मी त्यांना आमच्या नाताळच्या उपासनेला दोनदा बोलावलं होतं, दोन्हीदा आल्या. आता नाही कसं म्हणू?

सुवार्तिक_पुणे

जाल तर प्रभुभोजनाच्या भाकरीचा ट्रे फिरेल. घेणार का?

नगरची_लेक

नाही. ट्रे पुढे देईन. त्या बघतील, घरी येताना गाडीत विचारतील. आमच्या मंडळीत प्रभुभोजन कसं होतं आणि ती भाकर माझ्यासाठी काय आहे, ते तेव्हा सांगेन. गाडीत वीस मिनिटं मिळतात.

अश्रद्ध_आजोबा

आणि त्यांनी नाही विचारलं तर?

नगरची_लेक

तर मग त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचं बोलू. नववा लागलाय.