घोडी बिट घेईना, बिटलेस कुठलं घेऊ? लवकर सांगा

रानवारा: घोडी बिट (लगामाची तोंडात बसणारी धातूची दांडी) तोंडात घेईना. कसंबसं घातलं तर मान झटकते, लगाम ओढला की तोंड आ वासून उलट जास्तच पळते. बिटलेस, म्हणजे बिटाशिवायचा लगाम, घ्यायचं ठरवलंय. साइडपुल (नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना लगाम), क्रॉस-अंडर (जबड्याखालून फुली मारणारे पट्टे) की हॅकमोर (नाकपट्टीला दांड्या), एवढंच सांगा. रविवारी रपेट आहे, फाटे फोडू नका.

खोगीरभरती: फोडावे लागणार. वय किती? बिट कुठलं? दात कधी तपासले?

तापीकाठ: सारंगखेड्याची का? दत्तजयंतीच्या घोडेबाजारातली असेल तर कितीला पडली?

रानवारा: सारंगखेड्याचीच, मारवाडी, ५ वर्षांची. किंमत कशाला हवी? दात ठणठणीत आहेत, घमेलंभर चणे फस्त करते. बिट साधंच आहे, विकणाऱ्यानेच दिलेलं.

दुडकी: लांब दांड्यांचा हॅकमोर अजिबात नको. नावाला बिटलेस. दांडी ओढली की तरफेसारखं नाक, हनुवटी आणि कानामागचा भाग एकदम आवळला जातो. हात जड असेल तर बिट परवडलं. मी ४ वर्षं साइडपुल वापरतेय, उजवीकडचा लगाम ओढला की नाक उजवीकडे वळतं, बास.

चौखूर: साइडपुलवर उधळलेली घोडी थांबवून दाखवा मग बोलू. आणि एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, बिट लागतंच. हॅकमोर चालतो तो शो जंपिंगला, अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेला.

दुडकी: ते रविवारी रपेटीला चाललेत, ऑलिंपिकला नाही.

माथेरानकर: आधी नाल बघा. लगामाचा दोष नसतोच कधी. बाकी आमच्याकडे ई-रिक्षा आल्यापासून घोड्यावर बसतंय कोण म्हणा.

गुरांचा_डॉक्टर: चणे खाते म्हणजे दात चांगले, असं नसतं. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडा धारदार होतात. वरच्या गालाला कापतात, खालच्या जिभेला. तिला रोज सवय असते म्हणून खाते. बिट किंवा नाकपट्टी आली की गाल दाढेवर दाबला जातो. शिवाय वरच्या दाढांपुढे कळीएवढा वुल्फ टूथ असतो कधीकधी, बिट त्याला लागतं. म्हणजे दात न बघता बिटलेस घेतलंत तरी डोकं झटकणं राहू शकतं. घ्यायचंच तर नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटांवर बांधा. त्याच्या खाली नाक मऊ असतं, श्वास अडतो.

खोगीरभरती: +१. पण "साधं बिट" म्हणजे कसलं ते अजून कळलं नाही. फोटो टाका.

रानवारा: टाकला. झालं समाधान?

खोगीरभरती: अहो, झूम करून बघा. जिभेवर येणाऱ्या बाजूला काटे आहेत! हे काटेरी बिट आहे. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांच्या नियमांत अशा काट्यांना सरळ बंदी आहे. मान झटकणार नाही तर काय करेल ती?

रानवारा: मला वाटलं, नक्षी आहे.

गुरांचा_डॉक्टर: आज काढा. जिभेवर आणि हिरड्यांवर जखमा आहेत का बघून घ्या. भरेपर्यंत तोंडात काहीही नको, मोहरकीवर (डोक्याला बांधायच्या बिनबिटाच्या दोरीवर) नुसतं फिरवा.

रानवारा: म्हणजे रविवार गेला. काटे कानशीने घासून काढले तर नाही चालणार?

दुडकी: नाही!!

तापीकाठ: किंमत सांगा हो तेवढी.