रेसकारसाठी अंगाबरहुकूम सीट स्वस्तात कशी बनवावी? (गाडी एक, चालक दोन) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंटची (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसकार बांधून उतरायची स्पर्धा) टीम आहे. मोटारसायकलचं ३९० सीसी इंजिन लावलेली एकआसनी गाडी आम्ही स्वतः बांधतो आणि जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेला घेऊन जातो. टीमच्या दोन चालकांपैकी एक मी आहे.

अडचण सीटची आहे. गाडीत दोन वर्षांपूर्वीच्या सीनियर्सनी केलेलं फायबरचं कवच आहे. ते त्यांच्या मापाचं, म्हणजे चांगल्या रुंद खांद्यांच्या माणसाचं. माझी उंची ५ फूट १ इंच, वजन ४७ किलो. दुसरा चालक ५ फूट ११ इंच, ८० किलो. त्याला ती सीट जेमतेम बसते आणि मी तिच्यात अक्षरशः घरंगळते.

हे नुसतं गैरसोयीचं असतं तर मी धागा काढला नसता. वळणावर आमची गाडी सव्वा जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापट जोराच्या) आसपास जाते, म्हणजे माझ्या अंगाला बाजूने ५५-६० किलोचा रेटा बसतो. पट्टे पुढे जाऊ देत नाहीत, पण बाजूला सरकणं ते थांबवत नाहीत. मग मी डावा गुडघा चासीच्या पाइपवर रेटते आणि स्टीअरिंगला धरून स्वतःला सावरते. ज्या हातांनी गाडी वळवायची, त्याच हातांनी मी लटकलेली असते. पुढची चाकं घसरायला लागली की स्टीअरिंग हलकं पडतं, ते मला कळतच नाही. सरावाच्या दिवशी रात्री गुडघ्याच्या आतल्या बाजूला पाइपच्या जाडीचा निळा पट्टा उठलेला असतो.

दुसरं म्हणजे एन्ड्युरन्स. साधारण २२ किलोमीटरची शर्यत, मध्यावर चालक बदलायचा, आणि बदलायला ३ मिनिटं. म्हणजे सीट दोघांसाठी वेगळी हवी आणि ती झटक्यात काढता-घालता आली पाहिजे. कवच तेच ठेवून आत प्रत्येकाचा वेगळा साचा, असं डोक्यात आहे.

एक प्रयत्न फसला, तो नीट सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते जाणकारांना कळेल. दोन भाग मिसळून फुगणारा पीयू (पॉलियुरेथेन) फोम आणला. कचऱ्याची मोठी पिशवी कवचात अंथरली, मी वर बसले आणि पोरांनी तीन किलो फोम एकदम ओतला. अर्ध्या मिनिटात तो फुगायला लागला. आधी मांड्यांखालून वर उचलल्यासारखं झालं, मग बगलेपर्यंत आला आणि पाठ भाजायला लागली. मी ओरडले, दोघांनी हात धरून ओढून काढलं. पाठीवर लाल चट्टा आला, तो चार दिवसांनी गेला. फोम कापून बघितला तर मध्ये मुठीएवढी पोकळी आणि तळाशी दगडासारखा थर. शिवाय मला दोन इंच वर उचलल्यामुळे हेल्मेट रोल हूपच्या (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पुढच्या-मागच्या कमानींच्या) रेषेजवळ गेलं होतं, म्हणजे तपासणीत नापासच.

बजेट दोन्ही साचे मिळून ८,००० रुपये. परदेशातून तयार किट मागवणं शक्य नाही. थर्माकोलचे मणी आणि रेझिन (हार्डनर मिसळलं की कडक होणारं चिकट द्रव्य) वापरून करतात असं ऐकलंय. फायबरचं काम करणारे एक काका कॉलेजजवळ आहेत, त्यांच्याकडे पॉलिएस्टर रेझिन पडून आहे, फुकट देतो म्हणाले. ते चालेल का? की पीयूच परत नीट करावा? टीममधल्या एकाला दमा आहे, तो फोमच्या वासाने बेजार झाला होता, हेही सांगून ठेवते.

– चाकोरी

प्रतिसाद: खाडीकाठ

काकांचं रेझिन त्यांच्यापाशीच राहू दे. पॉलिएस्टरमध्ये स्टायरिन असतं आणि थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. ते स्टायरिनमध्ये विरघळतं. मी रत्नागिरीकडे होड्यांचं फायबर करतो. नवीन पोरगा कामाला आला की त्याला वाटीत दोन चमचे पॉलिएस्टर देतो आणि थर्माकोलचा तुकडा टाकायला सांगतो. बर्फ वितळावा तसा डोळ्यांदेखत जातो. मणी वापरणार असाल तर इपॉक्सी जातीचं रेझिनच घ्यायचं. ते थर्माकोलला खात नाही. महाग आहे, पण इथे दुसरा मार्ग नाही.

इपॉक्सी घेताना दोन गोष्टी बघा. प्रमाण वजनाने दिलंय की मापाने, हे डब्यावर वाचा आणि काट्यावरच मोजा. पॉलिएस्टरसारखं हार्डनर कमीजास्त करून वेग बदलता येत नाही. जास्त घातलं तर नरम राहतं, कायमचं. दुसरं, एका बादलीत दोन किलो कालवून ठेवू नका. जाड साठा झाला की आपोआप तापतं आणि धूर निघतो. अर्ध्या अर्ध्या किलोचे घाणे कालवा. हातमोजे नायट्राइलचे घ्या. इपॉक्सीची खाज एकदा अंगाला लागली की पुढे आयुष्यभर त्या वासाच्या जवळ जाता येत नाही, अशी माणसं मी पाहिलीत.

प्रतिसाद: साचेकार

चाकोरी, तुझी पाठ आता बरी आहे ना? मोठी पीयूची ओत आतून १०० अंशांच्या वर जाऊ शकते. तुला लवकर ओढून काढलं, हे फार बरं झालं.

आणि दम्याचा मुलगा. त्याला पीयूच्या कामाच्या खोलीत पाऊलसुद्धा टाकू देऊ नका. त्या दोन भागांपैकी एक आयसोसायनेट असतो. त्याने निरोगी माणसालाही दमा जडू शकतो आणि ज्याला आधीच आहे त्याला जोराचा झटका येऊ शकतो. नाकाला बांधलेला रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क वाफेला अडवत नाही. माझं ऐकशील तर पीयूचा विचारच सोड.

मी मुंबईत कृत्रिम अवयव आणि आधारसाधनं बनवण्याच्या कामात आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी अंगाच्या आकाराच्या सीटा करते, त्यामुळे तुझा प्रश्न मला अगदी ओळखीचा आहे. आम्ही मुलाला मण्यांनी भरलेल्या हवाबंद पिशवीवर बसवतो, हाताने पिशवी हवी तशी दाबत जातो आणि थोडी थोडी हवा काढतो. हवा निघाली की मणी एकमेकांत अडकतात आणि पिशवी कडक होते. चुकलं तर हवा सोडायची, परत करायचं. घाई नाही, उष्णता नाही. तुम्हीही रेझिन कालवण्याआधी कोरड्या मण्यांवर अशी रंगीत तालीम तीन-चार वेळा करा. आकार मनासारखा जमला की मगच ओलं काम.

कुठे घट्ट आणि कुठे सैल, हे सगळ्यात महत्त्वाचं. घट्ट धरायचं ते कमरेच्या हाडांच्या दोन्ही बाजूंना आणि काखेच्या खाली फासळ्यांना. सैल सोडायचं ते माकडहाड, पाठीच्या मणक्याची रेघ आणि खांद्याच्या पात्यांची टोकं. बसायची दोन हाडं असतात ना, ज्यांवर आपण लाकडी बाकावर टेकतो, त्यांच्याखाली सपाट आधार दे, खड्डा नको. या जागा अंगावर कॉपिंग पेन्सिलने खुणा करून घे, वरून ओला पातळ बनियन घाल. खूण कापडावर उतरते आणि साच्यात कुठे काय आलं ते कळतं. तपासायला दुसरी मुलगी सोबत घे, म्हणजे अवघड वाटणार नाही.

प्रतिसाद: माजीचालक

आमच्या वेळी टीममध्ये हेच मण्यांचं काम दोनदा केलंय, एकदा फसून एकदा जमून. आता चाकणला नोकरी करतो, पण सीट अजून आठवते.

आधी पीयूचं गणित सांगतो, म्हणजे मनातून जाईल. बाजारातला साधा फोम मोकळा फुगला तर घनमीटरला ४० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे १ किलोचा २५ लिटर फोम. तुम्ही ३ किलो ओतला, म्हणजे ७५ लिटर. कवच आणि तुझं अंग यांच्यामध्ये जागा असेल फार तर ३० लिटर. बाकीचा फोम कुठे जाणार? तोच तुला वर ढकलत होता.

आता मणी. तुझ्या एका साच्याला ३५ ते ४० लिटर मणी धर. आम्हाला ४० लिटरला रेझिन-हार्डनर मिळून साडेतीन किलो लागलं. मणी नुसते ओले दिसले पाहिजेत, हातात दाबल्यावर रेझिन गळता कामा नये. गळलं तर ते तळाला साचतं, आणि तोच दगडी थर परत मिळतो. कालवायला सिमेंटची घमेली आणि चार माणसं लागतात.

पिशवीसाठी जाड प्लॅस्टिक घ्या आणि कडा कपड्याच्या इस्त्रीने दोनदा चिकटवा. कचऱ्याच्या पिशवीला सुईएवढं भोक असतंच. पंप विकत घेऊ नका, एसी मेकॅनिककडचा व्हॅक्यूम पंप एका दिवसाला भाड्याने मिळतो. नळीच्या तोंडाला स्पंजचा तुकडा बांधा, नाहीतर मणी आणि रेझिन पंपात जातील आणि मेकॅनिक परत दारात उभं करणार नाही.

बसताना सगळं अंगावर पाहिजे: रेसचा सूट, बूट, हेल्मेट. पाय पेडलवर, हात स्टीअरिंगवर, कोपर थोडे वाकलेले. पट्टे आवळलेले. पायांमधल्या पट्ट्यांच्या वाटेत पाइपवर चढवायचा काळा फोम ठेवा, म्हणजे तिथे आरपार खाच राहते. आम्ही ही विसरलो होतो. नंतर करवतीने खाच पाडली तेव्हा साचा दोन तुकडे झाला. फसलेला तो हाच.

बुडाखाली मणी ठेवूच नका, अगदी बोटभर पुरे. हेल्मेट दोन्ही हूपना जोडणाऱ्या रेषेच्या ५० मिलिमीटर खाली राहिलं पाहिजे, आणि बुडाखालची प्रत्येक बोटभर जाडी तिथून वजा होते. तू ठेंगणी असल्यामुळे पुढचं दिसावं म्हणून वर बसायचा मोह होईल. त्यापेक्षा पाठीमागे जाडी वाढव आणि पेडलजवळ सरक.

बाजूचे कान फार उंच नकोत. पट्ट्यांसकट पूर्ण तयारीत बसलेल्या चालकाला ५ सेकंदांत बाहेर पडून दाखवावं लागतं. काखेपर्यंत कान आले की कोपर अडकतो.

मऊ स्पंजची गादी वरून लावायची इच्छा झाली तर आवर. धक्का बसला की स्पंज दबतो, पट्टा तेवढा सैल पडतो आणि अंग पुढे जातं. कडकच बरं. आणि थर्माकोल पेटतो, वितळून गळतो, हे विसरू नका. वरून आगरोधक कापडाचं कव्हर शिवून घ्या. हा आतला साचा म्हणजे फायरवॉल (आग अडवणारा पत्रा) नाही. इंजिन आणि पाठ यांच्यामधला पत्रा आहे तसाच, भोकं बुजवलेला राहिला पाहिजे.

प्रतिसाद: चाकोरी

खाडीकाठ दादा, साचेकार ताई, माजीचालक दादा, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. प्रिंट काढून वर्कशॉपच्या भिंतीला लावलंय. पाठ पूर्ण बरी आहे. दम्याच्या मित्राला आता हिशेब आणि खरेदी दिलीय, ओल्या कामाच्या दिवशी तो घरी.

काकांकडून पॉलिएस्टर घेतलं नाही, पण काट्यावर मोजायला त्यांचा वजनकाटा मिळाला. मणी आणि इपॉक्सी उद्यमनगरातून आणलं.

एक शंका राहिली. कोरड्या मण्यांवर चार वेळा तालीम केली. हवा काढली की पिशवी आकसते आणि फासळ्यांजवळचे मणी खाली सरकतात, तिथेच पकड सुटते. काय करावं?

प्रतिसाद: साचेकार

पिशवी उभी भरू नकोस. आधी आडवी पसरून मधोमध दोन ठिकाणी शिवणीसारखा जोड दे, पूर्ण बंद नको, चार बोटं मोकळी. मग बुडाचे मणी बुडाजवळ राहतात आणि कुशीचे कुशीजवळ. आणि हवा काढताना दोघी-तिघींनी दोन्ही कुशींवर बाहेरून तळहात दाबून धरा, पिशवी कडक होईपर्यंत सोडू नका.

प्रतिसाद: चाकोरी

झाला! काल रविवारी सकाळी नऊला कालवायला घेतलं. पंप सुरू केल्यावर मी दीड तास हललेच नाही, हेल्मेटमधून आईशी फोनवर बोलत होते. पिशवी टणटणीत झाल्यावर मला अलगद काढलं आणि पंप संध्याकाळपर्यंत चालूच ठेवला. आज सकाळी कडा कापून, घासून वजन केलं. ३ किलो ९०० ग्रॅम. पट्ट्यांची खाच बरोबर जागी आहे. हेल्मेट रेषेच्या ७२ मिलिमीटर खाली. बाहेर पडायला साडेचार सेकंद लागले, उजवा कान आणखी बोटभर कापणार आहे.

दुपारी मैदानात कोन मांडून आठाच्या आकड्यात गाडी फिरवली. तिसऱ्या फेरीला लक्षात आलं की डावा गुडघा मोकळा आहे, पाइपला टेकलेलाच नाही. चौथ्या फेरीला पुढची चाकं घसरायच्या आधी स्टीअरिंग हलकं झालेलं मला बोटांत कळलं. या गाडीत पहिल्यांदा.

एका साच्याला सगळं मिळून ३,६५० रुपये लागले. पुढच्या रविवारी दुसऱ्या चालकाचा. त्याला मणी कमी लागतील, म्हणून ३० लिटरच कालवतो.