मदत हवी आहे: छोट्या स्पोर्ट्‌स कारला टायर कोणते घालू? (माझदा एमएक्स-५, इंग्लंड)

पावसाळी_पांथस्थ

मंडळी, मी डर्बीत राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये हौसेपोटी २००१ ची माझदा एमएक्स-५ घेतली. दुसऱ्या पिढीची, १.८ इंजिन, छप्पर हाताने मागे टाकायचं. घरात माणसं चार आणि गाडीत सीटा दोन, त्यामुळे बायको अजून तिला गाडी म्हणत नाही, 'तुझं ते' म्हणते.

तर झालं असं. मागच्या आठवड्यात ऑफिसला जाताना रिमझिम पाऊस होता. एका राउंडअबाउटवर दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी २० मैलसुद्धा नसतील, अ‍ॅक्सिलरेटरवर जरा पाय पडला आणि गाडीची मागची बाजू निसटली. सावरेपर्यंत मी आलो त्याच रस्त्याकडे तोंड करून उभा! मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. फुटपाथवरच्या पोस्टमनने मात्र सगळा कार्यक्रम थांबून पाहिला.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी आहे आणि माझ्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल नाही, हे मान्य. पण इतक्या कमी वेगात?

टायरचा साइझ १९५/५० आर १५, ८२ व्ही (म्हणजे रुंदी १९५ मिमी, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५० टक्के, रिम १५ इंची; ८२ व्ही हा वजन आणि वेग पेलण्याचा दर्जा). पुढे एका कंपनीचे, मागे दुसऱ्याच. नक्षी भरपूर आहे. मागच्यांना गेज लावलं तर ६ मिमी भरली, इथली कायदेशीर मर्यादा १.६ आहे. एमओटी (इथली वार्षिक सक्तीची तपासणी) पण विनातक्रार पास. तरी आता चारही नवीन घ्यावेत असं वाटतंय. डोक्यात तीन पर्याय आहेत:

योकोहामा अडव्हान निओव्हा एडी०८आरएस, म्हणजे चिकट, ट्रॅकवाल्यांचा लाडका.
युनिरॉयल रेनस्पोर्ट ५, नावातच पाऊस.
किंवा सरळ १६ इंची रिम घेऊन २०५/४५. दिसायला झकास.

वापर: आठवड्यातून दोनदा ऑफिस, रविवारी पहाटे स्नेक पास किंवा कॅट अँड फिडल, हे इथले वळणांचे डोंगरी रस्ते. (कॅट अँड फिडलवर ताशी ५० मैलांची मर्यादा आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, त्यामुळे काळजी नसावी.) वर्षाकाठी एखादा ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस) करायची इच्छा आहे. बर्फ पडला तर घरची दुसरी गाडी आहे. बजेट चारशे पौंड. आणि पैसे वाचवायला फक्त मागचे दोन बदलले तर चालतील का?

चाकवत

ब्रँडचं नंतर बघू. आधी टायर कधीचे आहेत ते सांगा. साइडवॉलवर डीओटी अशी अक्षरं दिसतील, त्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. बाहेरच्या बाजूला सापडले नाहीत तर आतल्या बाजूला असतील, गाडीखाली डोकं घालावं लागेल.

पावसाळी_पांथस्थ

आत्ताच टॉर्च घेऊन अंगणात आडवा पडून आलो. पुढचे ३२१६. मागचे १८११.

म्हणजे मागचे २०११ च्या मे महिन्यातले?! माझी थोरली मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती.

चाकवत

मग राउंडअबाउटचं कोडं सुटलं. हौसेची गाडी वर्षातून थोडीच फिरते, म्हणून नक्षी झिजत नाही आणि मालकाला वाटतं टायर ठणठणीत आहेत. रबर मात्र उभ्या गाडीतसुद्धा म्हातारं होत असतं. ऑक्सिजन आणि उन्हाने ते कडक होत जातं. रबर मऊ असेल तर रस्त्याच्या बारीक खडबडीत जाऊन बसतं, पकड त्यातूनच येते. कडक झालं की कोरड्यावर कळत नाही, ओल्यात आणि थंडीत कळतं. मागच्या टायरमध्ये अंगठ्याचं नख रुतवून बघा, मग तसंच एखाद्या दुकानात नव्या टायरला करून बघा.

एमओटीवाल्याची यात चूक नाही. तिकडे १ फेब्रुवारी २०२१ पासून दहा वर्षांवरचे टायर ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांना चालत नाहीत, पण खासगी कारला वयाचा नियमच नाही. भेगा किंवा फुगवटा दिसत नसेल तर तो पास करणारच.

दोन की चार? चार. पुढचे २०१६ चे पण उतरवायच्याच वयाचे आहेत. आणि इतक्या हलक्या गाडीत पुढची-मागची पकड वेगळी असली की लगेच जाणवतं. अगदीच पैशाची अडचण असेल तर नवे दोन मागे घाला, पुढे कधीच नाही. पुढे घातलेत तर पोस्टमनला पुन्हा बोलवावं लागेल.

म्युनिकचा_मावळा

एडी०८आरएस चांगला टायर आहे, पण तुमच्या वापराला नाही. असले टायर तापले की खरे चिकटतात. एमएक्स-५ चं वजन जेमतेम टनभर, ती टायरला फार ताण देतच नाही. त्यात नोव्हेंबरची सकाळ, सहा अंश, ऑफिस पंधरा मिनिटांवर. तवा तापायच्या आतच तुम्ही पार्किंगमध्ये पोचलेले असाल. एका ट्रॅक डेसाठी वर्षभर गार तव्यावर गाडी चालवायची का, ते ठरवा. ट्रॅकचं वेड लागलंच तर जुन्या रिमचा दुसरा सेट घेऊन त्याला ट्रॅकचे टायर चढवतात, इथे बरेच जण तेच करतात.

उन्हाळी टायरसुद्धा साधारण सात अंशांखाली मंदावतात हे लक्षात असू द्या. आमच्याकडे जर्मनीत रस्त्यावर बर्फ-हिम असेल तेव्हा हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात. तुमच्याकडे सक्ती नाही आणि दुसरी गाडी आहे, तेव्हा तो खर्च नको.

एक_पुणेकर

मला एक कळत नाही. स्पोर्ट्‌स कार म्हणता आणि टायर १९५? आमच्या सोसायटीतल्या एसयूव्हीला याहून रुंद आहेत.

चाकवत

पुणेकर, एसयूव्हीचं वजनही बघा की. १९८९ ची पहिली एमएक्स-५ तर १८५/६० आर १४ वर यायची. गंमत म्हणजे त्याचा व्यास ५७८ मिमी आणि पांथस्थांच्या १९५/५० आर १५ चा ५७६. रिम मोठं केलं पण चाकाची उंची माझदाने तीच ठेवली. या गाडीची मजाच अशी की टायरची मर्यादा कमी वेगात येते आणि हळूहळू येते, म्हणजे आधी स्टिअरिंग सांगतं, मग गाडी सरकते. रुंद, चिकट टायर घातले की पकड वाढते, पण सुटते तेव्हा एकदम सुटते, तीही जास्त वेगात.

२०५/४५ आर १६ चा व्यास ५९१ येतो. चाक उंच, म्हणजे गिअर लांब झाल्यासारखा होणार आणि गाडी जरा सुस्त वाटणार. बहुधा चाक जडही. साइडवॉल बुटकी, त्यामुळे खड्डा थेट पाठीत. माझदानेच तो साइझ या पिढीच्या काही गाड्यांना दिला होता, तेव्हा चुकीचा नाही. पण निव्वळ दिसण्यासाठी रिम घेणार असाल तर ते पैसे पेट्रोलला ठेवा.

ग्रीसवाला

चाकवतांशी बहुतेक सहमत, पण २०५/५० आर १५ चा विचार करायला हरकत नाही. व्यास ५८६, मूळच्या ६ इंची रिमवर बसतो, स्पीडोमीटर पावणेदोन टक्के कमी दाखवेल इतकंच. फक्त विम्याच्या कंपनीला कळवावं लागेल. ती कटकट नको असेल तर १९५ च ठेवा.

मला वेगळंच सांगायचंय. टायर कुठलाही घ्या, दुकानात तीन गोष्टी बिघडतात.

हवा. या गाडीला २६ पीएसआय लागते. दाराच्या चौकटीवर स्टिकर असेल, वाचून घ्या. दुकानातला पोरगा सवयीने ३४ भरतो. टनभराच्या गाडीला ३४ म्हणजे टायर दगड.

जॅक. दरवाजाखालच्या पत्र्याच्या पट्टीला ट्रॉली जॅक लावला की ती मुडपते, रंग फुटतो आणि तिथून गंज सुरू. इंग्लंडातल्या जुन्या एमएक्स-५ तिथेच सडतात. पुढे मधल्या क्रॉसमेंबरखाली (गाडीखालचा आडवा लोखंडी तुळईसारखा भाग) आणि मागे डिफरन्शियलच्या घराखाली (मागच्या दोन चाकांच्या मधला गिअरचा डबा) जॅक लावायला सांगा, आणि स्वतः उभे राहा.

आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. या गाडीत चारही चाकांचे कोन बदलता येतात, पण ते ज्या बोल्टवर फिरतात ते तिकडे हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने जाम होतात. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारा. फुकट अलाइनमेंट देतो म्हणणारा फक्त पुढचा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलीत ते) बघून सोडून देईल. चारही चाकांचं करून छापील कागद मागा. जुने टायर उतरले की आतली कड जास्त झिजलीय का तेवढं बघा, तिथेच बरंचसं कळतं.

पावसाळी_पांथस्थ (तीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितोय, माफी असावी. सगळ्यांचे आभार.

रेनस्पोर्ट ५ घेतले, चारही १९५/५०. युनिरॉयल १९६९ पासून पावसाचे टायर बनवते आणि छत्रीचं चिन्ह मिरवते, म्हटलं डर्बीत छत्रीवाल्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. चार टायर, फिटिंग आणि अलाइनमेंट धरून बजेटच्या वर तीस पौंड गेले. घरी आकडा गोल करून सांगितला आहे, खालच्या बाजूला.

ग्रीसवाला, तुम्हाला साष्टांग. घरी येऊन गेज लावलं तर ३४! नेमके ३४! २६ ला आणले आणि गाडीच बदलली. जॅकच्या वेळी मी उभा होतो, पोरगा वैतागला, पण पट्टी वाचली. बोल्टवर सात दिवस स्प्रे मारूनही मागचा डावा हलला नाही, त्यामुळे अलाइनमेंट पावणेचार चाकांचं झालंय असं म्हणू. तो बोल्ट कापून नवा बसवायचं फेब्रुवारीत बघतो.

जुन्या मागच्या टायरमध्ये नख रुतलं नाही. नव्यात रुतलं.

काल रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी त्याच राउंडअबाउटवर मुद्दाम हळू गेलो. दुसऱ्या फेरीत थोडा पाय दिला. मागची बाजू जराशी सरकली, सांगून सरकली, आणि परत जागेवर आली. तिसरी फेरी नाही मारली, पोस्टमन दिसला.

एकच राहिलं. डिकी रिकामी करताना स्टेपनी दिसली, ती छोटी तात्पुरती वापरायची असते ना, ती. टॉर्च मारला. ०५०१. गाडीबरोबर आलेली मूळचीच असणार, एकदाही रस्त्याला लागलेली दिसत नाही. या साइझची नवीन कुठे मिळते का, की पंक्चरचा फेस भरायचा डबाच ठेवू?