इमारतीचं 'निष्कासन' की 'पाडकाम'?

प्रश्न

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे. पालिकेकडून पाडायची परवानगी आली, आता सभासदांना मराठीत सूचना द्यायची आहे. मसुद्यात कोणीतरी लिहिलंय, "इमारतीचे निष्कासन लवकरच सुरू होईल." मला हे खटकतंय. निष्कासन माणसांचं होतं ना? पण 'पाडकाम' लिहिलं की समितीतले म्हणतात, फार बोलीतलं वाटतं.

उत्तर

खटकतंय ते बरोबरच आहे. संस्कृतात निष्कासन म्हणजे बाहेर काढणं, हाकलणं. हिंदीत पक्षातून हकालपट्टी झाली तरी निष्कासनच. मुंबई पालिकेच्या पत्रकांत मात्र 'अनधिकृत बांधकामे निष्कासित' हे ठरलेलं वाक्य. फुटपाथवरच्या टपरीला ते कसंबसं शोभतं, कारण ती जागेवरून खरोखरच काढून नेतात. सात मजली इमारत कुठून बाहेर काढणार?

शिवाय तुमच्या सूचनेत धोका वेगळाच आहे. खोली रिकामी करायला आधीच का-कू करणारा एखादा सभासद 'निष्कासन' वाचेल आणि समजेल की आपल्यालाच बाहेर काढताहेत. 'बांधकाम' कागदावर चालतं, मग 'पाडकाम'च का बोलीतलं? दोघांची घडण एकच. बिनधास्त लिहा.

आणखी एक उत्तर देणारे

थोडा फाटा फोडतो. आमच्याकडे कोकणात जुनं घर पाडत नाहीत, 'उतरवतात'. आधी कौलं, मग रिपा, मग वासे, शेवटी भिंतींचे चिरे. सगळं जपून काढायचं, कारण त्यातलं बरंचसं नव्या घराला लागतं. जेसीबी लावून आडवं केलं तर ते पाडणं. दाटीवाटीच्या वस्तीत उंच इमारत वरून एकेक मजला करत खाली आणतात, त्याला खरं तर 'उतरवणं' चपखल बसेल.

'जमीनदोस्त' आणि 'भुईसपाट' बातमीवाल्यांना राहू द्या. (हिंदी-उर्दूत 'जमींदोज', आपल्याकडे त्याचा दोस्त झाला!)

प्रश्नकर्ता

पाडकाम पक्कं. पण मसुद्यात पुनर्विकास, पुनर्वसन, पुनर्बांधणी हे तिन्ही आलटून-पालटून आलेत. चालेल?

उत्तर

नाही चालणार. पुनर्वसन माणसांचं, पुनर्विकास जागेचा. म्हणून १९९५ साली आलेलं ते झोपडपट्टी 'पुनर्वसन' प्राधिकरण, आणि धारावीचा मात्र 'पुनर्विकास' प्रकल्प. मुंबईतल्या बीडीडी चाळींचंच बघा. प्रकल्प पुनर्विकासाचा, पण १६० चौरस फुटांच्या खोलीतला रहिवासी ५०० चौरस फुटांच्या घरात जातो ते पुनर्वसन. एकाच प्रकल्पात 'पुनर्वसन घटक' वेगळा आणि बाजारात विकायचा 'विक्री घटक' वेगळा. आता पुनर्वसनाच्या जागी पुनर्विकास घालून वाचा, दोन्ही घटक पुनर्विकासाचेच, मग फरक उरला कुठे?

पुनर्बांधणी म्हणजे नुसतं पाडून पुन्हा बांधणं. त्यात जादा एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकामाचं क्षेत्र), विक्रीचे फ्लॅट, बिल्डरचा नफा यांतलं काही गृहीत नाही. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या नावात तर चौथाच शब्द आहे, 'पुनर्रचना'. तो त्यांच्यापुरताच बरा.

तुमच्या सूचनेत: इमारतीचं पाडकाम, सोसायटीचा पुनर्विकास. सूचना पाडकामाची असल्यानं पुनर्वसन शब्दाची गरजच नाही. मधल्या काळासाठी 'तात्पुरती पर्यायी जागा' किंवा 'भाडे' असं सरळ लिहा. 'संक्रमण शिबिर' म्हाडाचं, आणि तिथे राहणारेही 'ट्रान्झिट'च म्हणतात.

तिसरे उत्तर देणारे

परवानगीचं नावही तपासून घ्या. आयओडी म्हणजे 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', शब्दशः नामंजुरीची सूचना! अटींसकट मिळालेली मंजुरी ती, आणि लोक तिचे पेढे वाटतात. याचं भाषांतर करायला जाऊ नका, सभासद घाबरतील. 'आयओडी' एवढंच लिहा. आणि इमारत धोकादायक ठरली असेल तर गोष्ट निराळी. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातल्या ३५४ कलमाची नोटीस असेल, तर तसा स्पष्ट उल्लेख हवा.

प्रश्नकर्ता

३५४ नाही, आपखुशीनं गेलोय. असं केलं: "सर्व सदनिका रिकाम्या झाल्यावर इमारतीचे पाडकाम सुरू होईल. राडारोडा उचलण्याची जबाबदारी विकासकाची राहील." समितीतल्या एकांना 'राडारोडा'ऐवजी 'डेब्रिज' हवंय.

उत्तर

राडारोडाच ठेवा.