मदत हवी आहे: आईचं मेंदूचं ऑपरेशन, भूल आणि बीपीच्या गोळ्या

आई ६४ वर्षांची. मेंदूच्या आवरणाची गाठ निघालीये (मेनिन्जिओमा), पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. बीपी जुनंच आहे. सकाळी टेल्मिसार्टन, रात्री मेटोप्रोलॉल. भूलतज्ज्ञ मॅडम तपासून गेल्या. टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून बंद, मेटोप्रोलॉल मात्र चुकवायची नाही म्हणाल्या. बीपी वाढलेलं चालणार नसेल तर एक गोळी बंद का? त्या घाईत होत्या, विचारायचं राहिलं. मामांचं म्हणणं, बीपी जितकं खाली तितका रक्तस्राव कमी. हे खरं का? 'डॉक्टरांना विचारा' म्हणू नका, विचारणारच आहे. काय विचारायचं ते सांगा.

प्रतिसाद
मी भूल देते, म्हणून लिहिते. तुमच्या आईच्या कागदांवर अर्थातच त्यांच्याच मॅडमचा शब्द शेवटचा.

मामांचं अर्धंच खरं आहे. मेंदूत रक्त पोचवणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब. गाठीमुळे कवटीतला दाब आधीच चढलेला असू शकतो, त्यात बीपी पाडलं तर मेंदू उपाशी. निरोगी माणसाचा सरासरी दाब साधारण ६० ते १५० च्या दरम्यान कुठेही असला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून-सैलावून पुरवठा सारखा ठेवतात. जुन्या बीपीवाल्यांत ही पट्टी वर सरकते, म्हणून तरुणाला चालणारा आकडा आईला कमी पडेल. उलट गाठीभोवती हे नियंत्रण बिघडलेलं असतं. तिथे दाब उसळला की सूज किंवा रक्तस्राव.

टेल्मिसार्टन अंगात असताना भूल दिली की दाब कधीकधी असा पडतो की नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. मेटोप्रोलॉल एकाएकी थांबवली तर नाडी उसळते.

दाब चढण्याच्या जागा ठरलेल्या: घशात श्वासाची नळी घालताना, डोकं हलू नये म्हणून पिनांच्या चौकटीत आवळताना, आणि शेवटी नळी काढताना येणारा खोकला. पिना लावताना तर पूर्ण भुलीतही बीपी ताडकन वर जातं. म्हणून आधीच डोक्याच्या कातडीच्या नसा बधिर करतात, फेन्टॅनिल (जोरदार वेदनाशामक) वाढवतात. एस्मोलॉल (नाडी-बीपी खाली आणणारं इंजेक्शन) याचा असर काही मिनिटांत उतरतो, त्यामुळे अशा वेळी हाताशी बरं. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालून ठोक्याठोक्याचा दाब बघतात. तो मोजणारा ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीला ठेवतात, कारण डोकं हृदयापेक्षा १३ सेंमी वर असलं की मेंदूतला दाब सुमारे १० ने कमी भरतो.

नाडीचं वेगळंच. आवरण ओढलं गेलं की ती एकदम मंदावू शकते. सर्जनने हात थांबवला की बहुधा सुधारते, नाहीतर नाडी वाढवणारं ॲट्रोपीन. पण बीपी चढून नाडी मंदावली तर कवटीत दाब वाढल्याची शंका घ्यायची. तेव्हा नुसतं बीपी पाडणं घातक.

विचारा: आईचं बीपी कितीच्या खाली जाऊ देणार नाही? श्वासाची नळी टेबलावरच काढणार की आयसीयूत? आणि घरच्या बीपीची वही सोबत न्या.

धागाकर्ता
खूप आभार! वहीत बहुतेक १३८/८४ च्या आसपास आहे. यातून सरासरी कशी काढायची?

प्रतिसाद
वरच्या-खालच्यातला फरक ५४, त्याचा तिसरा हिस्सा १८, तो ८४ त मिळवा: १०२. बरेच जण नेहमीच्या आकड्याच्या २० टक्के आत राहायचं बघतात, म्हणजे आईला साधारण ८२ च्या वर. नक्की आकडा मॅडम ठरवतील. आणि मेटोप्रोलॉल आदल्या रात्री द्यायची की ऑपरेशनच्या सकाळी, हे त्यांच्याकडून लिहूनच घ्या.