मदत हवी आहे : कोंबडीच्या वरच्या चोचीचे टोक तुटले असून तिला खाता येत नाही

नमस्कार.

आम्ही वाई तालुक्यातील एका गावात राहतो. घरी ५ गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा आहे. त्यांपैकी काजळी नावाची, दोन वर्षांची काळी कोंबडी गेल्या रविवारी रात्री जखमी झाली. खुराड्यातून एकाएकी कलकलाट ऐकू आला म्हणून मी बॅटरी घेऊन धावलो, तेव्हा एक मुंगूस कुंपणाकडे पळताना दिसले. आतल्या कोंबड्या एका कोपऱ्यात दाटल्या होत्या आणि काजळीच्या गळ्यावरची पिसे रक्ताने भिजली होती. भेदरून तिने तारेच्या जाळीतून चोच बाहेर घातली असावी आणि हिसका देऊन मागे घेताना ती अडकून तुटली असावी. वरच्या चोचीचा पुढचा सुमारे ८ मिलिमीटर भाग गेला आहे. खालची चोच शाबूत आहे. सकाळी तुटलेला तुकडा जाळीतच सापडला. तो आतून पोकळ आहे, पेनाच्या टोपणासारखा. मी तो कागदात बांधून ठेवला आहे.

त्या रात्री स्वच्छ फडक्याने १० मिनिटे दाबून धरल्यावर रक्त थांबले आणि आईने जखमेवर हळद भरली. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांना दाखवले. पोल्ट्रीत पिल्लांच्या चोची कापतातच, हिलाही काही होणार नाही, असे सांगून त्यांनी जखमेवर मारण्याचा फवारा दिला. मात्र ती खात नाही, या माझ्या मुख्य शंकेचे उत्तर मला तेथे मिळाले नाही.

खात नाही म्हणजे तिला भूक नाही असे नव्हे. ज्वारी टाकली की ती सर्वांच्या आधी धावत येते, मान तिरकी करून एक दाणा नेमका हेरते आणि टोचा मारते. दाणा निसटतो, जखमेचा भाग फरशीला लागतो आणि ती झटकन मागे सरते. मग डोके झाडून, चोच जमिनीवर दोन्ही बाजूंनी पुसून ती पुन्हा त्याच दाण्याकडे पाहत राहते. चार-पाच वेळा असे झाले की ती बाजूला जाऊन डोळे मिटून उभी राहते. मागच्या महिन्यात तिचे वजन १ किलो ४२० ग्रॅम होते, ते आज १ किलो २९० ग्रॅम भरले. पाणी थोडेफार पिते. रविवारपासून अंडे दिलेले नाही.

ही चोच पुन्हा वाढते का, आणि ती वाढेपर्यंत तिला काय व कसे खाऊ घालावे, हे कृपया कोणी अनुभवी व्यक्तीने सांगावे. सिरिंजने भरवावे का? हळद चालू ठेवावी का? दुखणे कमी होण्यासाठी माणसांची गोळी चुरून दिली तर चालेल का? शेजारच्यांनी तिला कापून टाकण्याचा सल्ला दिला आहे, तो कृपया येथे कोणी देऊ नये. ही कोंबडी आमच्या अंगणात अंड्यातून बाहेर आली आहे आणि तिने स्वतः दोनदा खुडूक बसून पिल्ले वाढवली आहेत.

प्रतिसाद

तो तुकडा तुम्ही जपून ठेवलात हे फार चांगले केले, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. कोंबडीची चोच म्हणजे आत हाड, त्यावर रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत थर, आणि सर्वांत वर नखासारखे कठीण आवरण. हाड तुटून गेले तर ते परत येत नाही. आवरण मात्र नखाप्रमाणे मागून पुढे वाढत राहते. तुकडा आतून पोकळ आहे, याचा अर्थ बहुधा आवरणच मोज्यासारखे निघून आले आहे आणि आतले हाड जागेवर आहे. उजेडात नीट पाहा. तुकड्याच्या टोकात हाडाची कपची दिसत नसेल, तर आशेला पुष्कळ जागा आहे. यास काही आठवडे, कदाचित काही महिने लागतील आणि नवे टोक थोडे वाकडे येऊ शकते.

दुखण्याच्या बाबतीत डॉक्टरांच्या त्या वाक्याशी मी सहमत नाही. चोच कापलेल्या पक्ष्यांनाही वेदना होतात आणि काजळीचा तर उघडा पडलेला जिवंत थर दर टोच्याला फरशीवर आपटतो आहे. म्हणून टोचा मारावा लागेल असे काहीही तिच्यापुढे ठेवू नका. लेअरचे, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिठल्याइतके दाट करा आणि चार बोटे खोल वाटीत काठोकाठ भरा, म्हणजे तिला दाणा चिमटीत धरावा लागणार नाही, खालच्या चोचीने घास उपसता येईल. त्यात कुस्करलेले उकडलेले अंडे घाला, मीठ-मसाला अजिबात नको. पाण्याचे भांडेही खोल असू द्या. ओले खाद्य उन्हाळ्यात लवकर आंबते, त्यामुळे दोन तासांनी उरलेले फेकून ताजे द्या.

स्वतः खात असेल तर सिरिंज वापरू नका. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि घाईने ढकललेले पातळ खाद्य थेट फुप्फुसात जाऊ शकते. तिचे पोट भरते की नाही हे रोज रात्री गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहा. रात्री ती भरलेली आणि सकाळी रिकामी लागली पाहिजे. वजन रोज एकाच वेळी करा. चांगले खाऊनही ते उतरत राहिले, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

हळद बंद करा. कोरडी पूड नाकपुड्यांत जाते आणि तिची खपली धरली की खाली पू झाला तरी दिसत नाही. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याच्या बोळ्याने दर खाण्यानंतर चोच पुसा, कारण सुकलेले खाद्य नाकपुड्यांवर चिकटते. माश्या बसू देऊ नका, अळ्या पडायला एक दिवस पुरतो. माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे त्यांचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, हे तुम्ही वाचले असेल. पक्ष्यांसाठी मेलॉक्सिकॅम दिले जाते, पण मात्रा डॉक्टरांनी वजनावरूनच ठरवावी. तुम्हाला शिरवळचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ आहे, तेथे तो तुकडा घेऊन जावे. प्रतिजैविक दिले तर तिची अंडी किती दिवस खायची नाहीत, हेही विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कोंबडी वरच्या चोचीच्या टोकाने पिसांतल्या उवा काढते. ते टोक नसले की उवा झपाट्याने वाढतात. पंखांखाली आणि गुदद्वाराभोवती पिसे दुभंगून पाहत जा आणि तिला लोळण्यासाठी कोरडी माती व चुलीची राख द्या. रक्ताचा डाग दिसला की इतर कोंबड्या टोचतात, म्हणून तिला वेगळे ठेवा, पण बाकीच्या दिसतील अशा जागी. एकटी पडली तर ती आणखी मिटेल.

धागाकर्ता, १२ दिवसांनंतर

आपले मनापासून आभार. तुकड्यात हाड नव्हते. शिरवळला तपासूनही तेच सांगण्यात आले. दुखण्यावरचे औषध ५ दिवस तोंडाने दिले. पहिल्या दिवशी तिने वाटीकडे पाहिलेसुद्धा नाही, तेव्हा आईने वाटीवर थोडे ज्वारीचे पीठ भुरभुरले. ते टिपायला गेली आणि चोच अलगद खाद्यात बुडाली. क्षणभर तशीच थांबली, मग मान वर करून तिने घास गिळला. त्यानंतर मात्र ती अर्ध्या तासात वाटी निम्मी करू लागली. डालग्याखाली ठेवल्यामुळे बाकीच्या तिच्याभोवतीच चरत असतात. आजचे वजन १ किलो ३६० ग्रॅम आहे. उवा होत्याच, डाव्या पंखाखाली अधिक होत्या. राखेत लोळू लागल्यापासून कमी झाल्या आहेत.

जखम सुकली असून चोचीच्या कडेला मागच्या बाजूने तांदळाच्या दाण्याएवढी फिकट, थोडी पारदर्शक कड पुढे आलेली दिसते. आता नवी अडचण अशी की घासायला वरची चोच नसल्यामुळे खालची चोच एका बाजूला लांब होऊ लागली आहे. ती नखांच्या फाइलने घरी थोडी थोडी घासली तर चालेल का, आणि जिवंत भाग नेमका कोठे सुरू होतो हे बाहेरून कसे ओळखावे?