पहिली कादंबरी स्वतः छापायची, की प्रकाशकाची वाट बघायची?

डेमीसाइज:
माझं मत आधीच सांगतो. पहिली कादंबरी स्वतः छापायला हरकत नाही. पण हजार प्रती काढू नका, आणि साहित्य संमेलन गाठायचं म्हणून तर अजिबात छापू नका.

हिशेब बघा. डेमी आकार (कादंबरीचा नेहमीचा), २०८ पानं, म्हणजे १६ पानी १३ फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले ताव). किंमत समजा ३०० रुपये. वितरकाने ४५ टक्के कापले की हाती येतात १६५. छपाई-बांधणी प्रतीमागे ९० धरली तर उरले ७५. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून ३० हजार गेले असतील तर ते वसूल व्हायला ४०० प्रती विकाव्या लागतात. थेट वाचकाला २० टक्के सवलतीत दिलं तर प्रतीमागे १५० सुटतात, कुरिअर वाचकाकडे. मग २०० प्रतींतच बरोबरी. म्हणून पहिल्या खेपेला ३०० प्रती, तेही थेट विक्रीच्या भरवशावर.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करून. स्वतःच्या नावावर घ्या. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या 'पॅकेज'वाल्याने त्याचा क्रमांक टाकला की नोंदीत प्रकाशक तो होतो, पैसे मात्र तुमचे गेलेले असतात.

पाणउतारा:
तुमच्याच हिशेबावरून नवख्याने छापू नये असं सिद्ध होतं! २०० थेट गिऱ्हाईकं आणणार कुठून? नातेवाईक आणि ऑफिस मिळून ६०-७० होतात, पुढे गाडी अडते. मराठी कादंबरीचं खरं गिऱ्हाईक सार्वजनिक ग्रंथालयं. त्यांची खरेदी मुख्यतः विक्रेत्यांच्या यादीतून होते, आणि एका पुस्तकाच्या लेखकाचं बिल वेगळं करायला कुणालाही वेळ नसतो.

प्रकाशकाकडेच जा. मात्र छपाईचा खर्च तुमच्याकडून मागतो त्याला मुद्रक म्हणा, प्रकाशक नको. करारात मुदत लिहून घ्या. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिलेले मानतात. वेगळं ठरलेलं नसेल तर, दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो परत लेखकाकडे. नवखे लोक 'सर्व हक्क, कायमस्वरूपी' या ओळीवर सही करतात आणि पुढे ऑडिओबुकवाला विचारायला आला की कपाळाला हात लावतात.

मुद्राराक्षस:
दोघेही भांडताय पैशांवर. पुस्तक मरतं ते अक्षरजुळणीत. लेखक युनिकोडमध्ये लिहितो, जुळणीवाला अजून जुन्या फॉन्टवर. रूपांतरात पहिला बळी अर्ध्या 'ऱ'चा. 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. सह्याद्रीच्या दऱ्यांत फिरणारा नायक एकदम समुद्रात! स्पेलचेक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'सुऱ्या' यांची यादी करून पीडीएफमध्ये एकेक शोधा. तिथे शोध लागलाच नाही तर फॉन्ट जुना आहे असं समजा आणि कागदावर प्रिंट काढून वाचा. पानं जुळवायला इनडिझाइन सॉफ्टवेअर वापरत असाल तर भारतीय लिप्यांचा कंपोझर चालू आहे ना, ते बघा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या अक्षरावर बसते.

मुद्रितशोधन दोनदा. दुसरं वाचन ज्याने कादंबरी आधी वाचलेली नाही अशा माणसाकडून.

ईबुकवाली:
मग कागदावर आधी जायचंच कशाला? केडीपीवर, म्हणजे ॲमेझॉनच्या स्वतः पुस्तक काढायच्या सोयीवर, मराठी ईबुक निघतं, भांडवल जवळजवळ शून्य. भारतात ७० टक्के रॉयल्टी मात्र 'सिलेक्ट' या त्यांच्या योजनेत नोंदवलं तरच मिळते, नाहीतर ३५. सिलेक्टची अट अशी की ९० दिवस डिजिटल आवृत्ती दुसरीकडे कुठेही नाही, स्वतःच्या ब्लॉगवरही नाही. छापील पुस्तकाला ही अट लागू नाही. आधी ईबुक काढा, चुका वाचकच कळवतील, मग छापा.

पाणउतारा:
वाचकांना फुकटचे मुद्रितशोधक करायचं? पहिल्या दहा प्रतिक्रिया शुद्धलेखनावर आल्या की कादंबरीकडे कुणी बघत नाही. शिवाय ग्रंथालयाच्या रॅकवर ईबुक ठेवता येत नाही.

दिंडीकर:
संमेलनाबद्दल डेमीसाइज यांचं अर्धंच पटलं. प्रकाशनासाठी जाऊ नका, हे खरं. एका मंचावर ओळीने पुस्तकं निघतात, फोटो होतो, पुढचा लेखक जिन्यात उभाच असतो. पण विक्रीसाठी? २०२५ चं ९८ वं दिल्लीत झालं, २०२६ चं ९९ वं साताऱ्यात. वरच्या हिशेबातली प्रत साधारण २४० ग्रॅमची, म्हणजे १०० प्रती २४ किलो. साताऱ्याला एसटीत टाकून नेता येतात, दिल्लीला नाही. गाव बघून ठरवा.

एका पुस्तकावर अख्खा गाळा घेऊ नका. चार-पाच लेखकांनी मिळून घ्या, किंवा ओळखीच्या विक्रेत्याकडे पावती करून प्रती ठेवा. २४० रुपयांत विकाल तर सुट्ट्यांची बोंब. सरळ २५० ठेवा. क्यूआर असला तरी गर्दीत नेटवर्क बसतं, गल्ल्यात पन्नासच्या नोटा हव्यात.

तिथे खरं काम वेगळंच. दिवाळी अंकांचे संपादक आणि तालुक्याचे ग्रंथपाल सगळे दिवस मोकळे फिरत असतात. मुखपृष्ठ, पानं, किंमत, आयएसबीएन आणि चार ओळींचं कथानक असा एकपानी कागद हातात द्या. पुस्तक फुकट वाटू नका, ते मांडवातल्या खुर्चीवर राहून जातं. आणि अंकासाठी कथा द्यायची तर जून-जुलैपर्यंत. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते.

डेमीसाइज:
सामायिक गाळा मान्य. माझा आक्षेप तारखेच्या घाईला आहे. घाईत आधी शोधन उडतं, मग बांधणीचा गोंद सुकायला वेळ मिळत नाही, आणि गाळ्यावर चाळतानाच पानं सुटतात.

पाणउतारा, ग्रंथालयांचा मुद्दाही मान्य. पण म्हणून प्रकाशकाच्या होकारासाठी दोन-तीन वर्षं थांबायचं हे पटत नाही. राज्य सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित द्या. तोवर कथा अंकांत छापून येऊ देत.

पाणउतारा:
थांबण्याचं मला वावडं नाही. वाईट कादंबरी लवकर छापण्यापेक्षा बरं.

नवखा_२६:
प्रेसमध्ये नेमकं काय सांगायचं? '७० जीएसएम मॅपलिथो, ३०० जीएसएम कव्हर, मॅट लॅमिनेशन' एवढं पुरेल का?

मुद्राराक्षस:
नाही. कागदाचा धागा, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, पुस्तकाच्या कण्याला समांतर हवा, हे लिहून द्या. आडवा गेला तर पुस्तक उघडं राहत नाही आणि पावसाळ्यात पानांना लाटा येतात. दुसरं, कण्याची जाडी अंदाजाने धरू नका. २०८ पानं म्हणजे १०४ कागद. एक कागद ०.१ मिमी असेल तर कणा १०.४ मिमी. प्रेसने ऐनवेळी पातळ कागद घेतला की कण्यावरचं नाव सरकून मुखपृष्ठावर येतं. कागद ठरल्यावरच मुखपृष्ठाची अंतिम फाइल द्या. आणि त्याच कागदाची एक कोरी डमी (नमुना प्रत) बांधून मागा, बहुतेक प्रेसवाले देतात.

डेमीसाइज:
छापून झाल्यावर ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यात नेमलेल्या आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते, स्वखर्चाने. १९५४ चा कायदा, आणि प्रकाशक म्हणून तुमचं नाव असेल तर जबाबदारी तुमची. ३०० मधल्या या चार प्रती हिशेबात आधीच वजा करा.